सूर्याचे आकडे आणि शॉर्टवेव्हचे बँड : वाचकांचे प्रश्न

हौशी रेडिओवाल्यांच्या पत्रांत या वेळी सूर्याची चौकशी सगळ्यात जास्त आहे. एसएफआय (सूर्याच्या रेडिओ ऊर्जेचे माप), के आणि ए (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीची मापे) हे आकडे कुठे पाहायचे ते बहुतेकांना ठाऊक असते. अडचण येते ती पुढे : हे आकडे पाहून आज कुठला बँड लावायचा? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. जिथे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असे लिहिलेले नाही तिथे वेळ स्थानिक समजावी.

प्रश्न : परवा एसएफआय १८० होता, म्हणून मुद्दाम रात्री नऊला २८ मेगाहर्ट्झ लावला. एकही स्टेशन नाही. के-इंडेक्स ५ दाखवत होता. एसएफआय इतका चांगला असताना बँड बंद कसा?

उत्तर : एसएफआय हा आजच्या बँडचा हवाला नाही, इथून सुरुवात करू. सूर्याकडून २८०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर, जी रेडिओ ऊर्जा येते तिचे हे माप. कॅनडात ते १९४७ पासून घेतले जाते. सध्या पेंटिक्टनच्या वेधशाळेत दिवसातून तीनदा मोजणी होते आणि २० यूटीसीची मोजणी त्या दिवसाचा आकडा म्हणून धरतात. ही लहर आयनांबरातून, म्हणजे शॉर्टवेव्ह परत पाठवणाऱ्या वरच्या भारित हवेतून, सरळ आरपार येते, म्हणून तर ती जमिनीवर मोजता येते. आयनांबराचा एफ-२ थर बांधतात ते सूर्याचे तीव्र अतिनील किरण, आणि ते वरच शोषले जात असल्यामुळे जमिनीवर पोचतच नाहीत. दोन्ही साधारण बरोबरीने वरखाली होतात, म्हणून एसएफआयवर काम भागवले जाते. एका दिवसात तो १५० वरून १८० वर गेला तर बँडमध्ये त्याच दिवशी फरक दिसेलच असे नाही. आठवडाभर १५० च्या वर टिकला, तर मात्र दिवसा १० मीटर, म्हणजेच २८ मेगाहर्ट्झच्या, बँडची आशा ठेवायला हरकत नाही.

आता तुमची वेळ. सूर्य मावळला की एफ-२ थरात नवे इलेक्ट्रॉन तयार होणे थांबते, असलेले विरत जातात, आणि परत येऊ शकणारी सर्वांत वरची वारंवारता, म्हणजे एमयूएफ, उतरू लागते. २८ मेगाहर्ट्झ हा सगळ्यात वरचा असल्यामुळे पहिला बळी त्याचा. रात्री नऊला १४ किंवा १० मेगाहर्ट्झ लावले असते तर कदाचित वेगळे चित्र दिसले असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना १५-२० अंशांच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉनांची घनता जात्याच जास्त असते. तिथल्या स्टेशनांना, सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत आणि विशेषतः मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उत्तर-दक्षिण मार्गावर २८ आणि कधी कधी ५० मेगाहर्ट्झसुद्धा रात्रीपर्यंत मिळतो. पूर्व-पश्चिम मार्गाला हा फायदा नाही.

आणि तिसरे, के ५. भूचुंबकीय वादळात ध्रुवांकडची वरची हवा तापते आणि फुगते. नायट्रोजनचे रेणू वर चढतात, ऑक्सिजनच्या अणूंचे प्रमाण घटते आणि इलेक्ट्रॉन लवकर विरतात. एसएफआय जिथल्या तिथे, पण एमयूएफ खाली आलेला. म्हणून नुसता एसएफआय पाहून रेडिओ लावू नका. एसएफआय वरची मर्यादा किती चढू शकते ते सांगतो, क्ष-किरणांचा आलेख खालची मर्यादा कुठे आहे ते सांगतो, आणि के त्या दिवशीची स्थिरता सांगतो. घड्याळ या तिघांच्याही आधी पाहायचे.

प्रश्न : के आणि ए एकाच गोष्टीची मापे असतील तर दोन कशाला? दिवसभराच्या आठ के-आकड्यांची सरासरी काढली तर ए मिळत नाही.

उत्तर : मिळणारच नाही. के हा ० ते ९ असा तीन-तीन तासांचा आकडा आहे आणि त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. आधी प्रत्येक के चे समान पायरीच्या आकड्यात रूपांतर करावे लागते : ० चे ०, १ चे ३, २ चे ७, ३ चे १५, ४ चे २७, ५ चे ४८, ६ चे ८०, ७ चे १४०, ८ चे २४० आणि ९ चे ४००. मग आठांची सरासरी.

समजा एका दिवसाचे के असे आले : १, १, २, २, ५, ६, ४, ३. सरळ सरासरी ३ येते आणि दिवस जेमतेम अस्वस्थ वाटतो. रूपांतर केल्यावर ३, ३, ७, ७, ४८, ८०, २७, १५, बेरीज १९०, ए साधारण २४. म्हणजे त्या दिवशी काही तास खरोखर वादळी होते. उलटही फसगत होते. ए हा आख्ख्या दिवसाचा असल्यामुळे आज सकाळी दिसणारा २४ कालच्या धुमश्चक्रीचा असू शकतो, आणि आत्ता के १ वर आलेला असतो. आत्ताच्या बँडसाठी शेवटचे दोन-तीन के पाहा. गेले दोन-तीन दिवस कसे गेले ते कळायला ए.

के बरोबर केपी असाही आकडा दिसतो. त्यातला ‘पी’ म्हणजे संपूर्ण पृथ्वीचा. १३ वेधशाळांच्या नोंदींवरून तो काढतात. तुमच्या जवळच्या वेधशाळेचा के त्याहून वेगळा असू शकतो, आणि विषुववृत्ताकडच्या माणसाला तो फरक चांगलाच जाणवतो.

प्रश्न : भर दुपारी १४ मेगाहर्ट्झवर बोलणे चालू असताना मिनिटाभरात सगळे सिग्नल बुडाले. बँडवरचा खरखराटही कमी झाला. अँटेना, केबल, कनेक्टर सगळे उघडून पाहिले, दोष सापडला नाही. तासाभराने आपोआप पूर्ववत. रेडिओत काही बिघाड आहे का?

उत्तर : तुम्ही सांगितलेली लक्षणे सौरज्वालेची, म्हणजे सूर्यावरच्या अचानक उद्रेकाची, आहेत. सौरज्वालेचे क्ष-किरण प्रकाशाबरोबर ८ मिनिटे २० सेकंदांत पोचतात आणि ६० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या डी-थरात एकदम इलेक्ट्रॉन वाढवतात. तिथे हवा दाट आहे. लहरीने हलवलेले इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आपटतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जाते. सिग्नल एफ-२ थरापर्यंत पोचायच्या आधीच खलास होतो. दूरवरच्या विजांचा खरखराटही त्याच वाटेने येत असतो, म्हणून तोही बसतो. शांतता हाच इथला पुरावा.

हे शोषण साधारणपणे वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. नुसते वाक्य वाचून याचा आवाका कळत नाही, म्हणून एक हिशेब. ज्वालेमुळे १४ मेगाहर्ट्झवर ५ डेसिबलची भर पडली असे धरू. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर एक घर म्हणजे ६ डेसिबल, तेव्हा हा फटका एका घराहूनही कमी. त्याच क्षणी ७ मेगाहर्ट्झवर भर चौपट, म्हणजे २० डेसिबल : तीन घरांहून जास्त. ३.५ मेगाहर्ट्झवर सोळापट, ८० डेसिबल : विषय संपला. आणि २८ मेगाहर्ट्झवर फक्त सव्वा डेसिबल, जे कानाला कळणारही नाही. तुमचा १४ मेगाहर्ट्झ पूर्ण बुडाला यावरून ज्वाला मोठी होती हे उघड आहे.

पुढच्या वेळी काहीही उघडण्याआधी या क्रमाने जा :

१. अँटेनाची केबल रेडिओपासून काढा आणि पुन्हा लावा. लावल्यावर आवाज थोडा तरी वाढला तर अँटेना आणि केबल बहुधा ठीक आहेत. काहीच फरक नसेल तर आधी केबल आणि कनेक्टर पाहा.

२. कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती ऊर्जा परत फिरते त्याचे माप, मोजा. नेहमीचाच आला तर अँटेना सुटली.

३. वरच्या बँडवर चढा : २१, २४, २८. तिथे स्टेशने असतील आणि खाली काहीच नसेल, तर कारण डी-थर. बिघाड असा बँड पाहून येत नाही.

४. गोज उपग्रहाचा क्ष-किरणांचा आलेख पाहा. ज्वालेचा जोर एम, एक्स या अक्षरांनी सांगतात आणि तिने रेडिओ किती बुडतो ते आर-१ ते आर-५ या दर्जांनी : एम-१ ला पोचलेली ज्वाला आर-१ दर्जाची, एम-५ आर-२, एक्स-१ आर-३, एक्स-१० आर-४ आणि एक्स-२० आर-५.

५. दोन्ही टोके आणि मधला मार्ग उजेडात आहे का ते बघा. ज्वालेचा हा परिणाम फक्त सूर्याकडच्या अर्ध्या पृथ्वीवर होतो. मार्ग पूर्ण अंधारात असताना सिग्नल गेला असेल तर दोष सूर्यज्वालेवर टाकू नका.

बँड मोकळे होतात ते वरून खाली, आधी २८ आणि २१, मग १४, शेवटी ७ आणि ३.५. साधारण ज्वालेत काही मिनिटे जातात, मोठ्या ज्वालेत तासभर किंवा दोन तास. पॉवर वाढवून फार हाती लागत नाही : १०० वॉटचे ४०० केले तरी मिळतात फक्त ६ डेसिबल. कधी कधी सिग्नल बुडायच्या सुमारास रिसीव्हरमध्ये फुसफुस वाढते. तो सूर्याचाच रेडिओ-उद्रेक. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडारांवर असाच नॉईज आला, तेव्हा शत्रूचा जॅमिंगचा डाव असावा अशी शंका होती. जे. एस. हे यांनी तो सूर्याचा आहे हे दाखवून दिले.

ज्वालेची तारीख आणि वेळ लॉगबुकात लिहून ठेवा. तिच्यासोबत सीएमई, म्हणजे सूर्याच्या किरीटातून (बाहेरच्या वातावरणातून) फेकला गेलेला भारित वायूचा लोंढा, पृथ्वीच्या दिशेने निघाला असेल तर तो बहुधा एक ते तीन दिवसांत पोचतो. तेव्हाचा त्रास वेगळ्या जातीचा असतो. तो पुढच्या प्रश्नात.

प्रश्न : भूचुंबकीय वादळाचा इशारा आला की रेडिओ बंदच ठेवावा का? वादळ येणार हे किती आधी कळते?

उत्तर : बंद ठेवू नका, दिशा आणि बँड बदला. वादळाचा मारा सगळीकडे सारखा नसतो. ध्रुवांजवळून जाणारा मार्ग आधी कोसळतो. तिथे सिग्नल घोगरा होतो, थरथरतो आणि मग जातो. विषुववृत्त ओलांडून जाणारे मार्ग बरेचदा तग धरतात आणि वादळाच्या पहिल्या काही तासांत कधी कधी चक्क सुधारतातही, कारण सुरुवातीला एफ-२ थराची घनता काही भागांत वाढते. घसरण होते ती नंतर, आणि ती एक-दोन दिवस टिकू शकते. एमयूएफ खाली आल्यामुळे २८ आणि २४ मेगाहर्ट्झ सोडून १४, १०, ७ कडे या. उच्च अक्षांशांवरच्या मंडळींना वादळात १४४ मेगाहर्ट्झवर ध्रुवीय प्रकाशावरून परतणारे सिग्नल मिळतात. अँटेना ध्रुवाकडे ठेवायची आणि सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, वापरायचे, कारण आवाज इतका फाटतो की एसएसबीवर, म्हणजे बोलण्याच्या प्रसारणात, शब्द लागत नाहीत.

इशाऱ्यात वादळाचा दर्जा जी ने सांगतात : जी-१ म्हणजे केपी ५, जी-२ म्हणजे ६, असे करत जी-५ म्हणजे ९. मे २०२४ च्या १० आणि ११ तारखेला जी-५ वादळ झाले. ऑक्टोबर २००३ नंतरचे ते पहिलेच.

आधी कळण्याबद्दल. सीएमई सूर्यावरून सुटल्याचे तासाभरात दिसते, पण तो लोंढा किती झोंबणार हे त्याच्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरते आणि ती दिशा लांबून नीट कळत नाही. ती मोजतात पृथ्वीपासून सूर्याकडे १५ लाख किलोमीटरवर, एल-१ बिंदूपाशी असलेली याने. डिस्कव्हर आणि एस तिथे आहेत, भारताचे आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या कक्षेत पोचले. सौरवारा सेकंदाला ५०० किलोमीटरने येत असेल तर तिथून पृथ्वीपर्यंत ५० मिनिटे. म्हणजे खात्रीचा इशारा मिळतो तो तेवढाच. आलेखात त्या क्षेत्राची उत्तर-दक्षिण दिशा दाखवणारी ‘बी-झेड’ ही रेघ पाहा. ती उणे बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे, कित्येक तास उणे १० नॅनोटेस्लाच्या खाली राहिली तर वादळ ठरलेले. ती अधिक बाजूला असेल तर वेगवान वारासुद्धा फारसे न बिघडवता निघून जातो. इशारा जी-३ चा आणि प्रत्यक्षात के ३, असे जे वारंवार होते त्याचे कारण बहुतेक वेळा हेच.

दुसऱ्या जातीची वादळे वेळापत्रकाने येतात. सूर्याच्या किरीटात विवर पडले की तिथून वेगवान वारा सुटतो आणि सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे तेच विवर साधारण २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येते. के ४ किंवा ५ झाल्याची तारीख दिनदर्शिकेवर मांडा आणि पुढे २७ वी मोजा. स्पर्धेची किंवा मोठ्या प्रयोगाची तारीख ठरवताना याचा फार उपयोग होतो. मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांच्या आसपास वादळे अधिक होतात, हेही त्यात धरा.

प्रश्न : आकडे बाजूला ठेवून, आत्ता या क्षणी कुठला बँड कुठल्या दिशेला उघडा आहे हे स्वतः तपासायचे असेल तर?

उत्तर : याहून चांगला प्रश्न नाही. त्यासाठी जगभर पसरलेली १८ बीकन स्टेशने, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सिग्नल सोडणारी स्टेशने, आहेत. एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हौशी रेडिओच्या संस्था मिळून ती चालवतात. वारंवारता पाच : १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झ. प्रत्येक बीकन एका वारंवारतेवर १० सेकंद बोलते आणि पुढच्या १० सेकंदांसाठी वरच्या वारंवारतेवर सरकते. अठरांची फेरी तीन मिनिटांत पुरी. तासाच्या सुरुवातीला १४.१०० वर पहिले असते न्यूयॉर्कचे ४यू१यूएन. तीन मिनिटांनी पुन्हा तेच.

या १० सेकंदांत काय ऐकायचे ते नीट समजून घ्या, कारण सगळी खुबी तिथे आहे. आधी १०० वॉटवर मोर्समध्ये कॉल साइन, मिनिटाला २२ शब्दांच्या वेगाने. मग एक-एक सेकंदाच्या चार लांब डॅश : पहिली १०० वॉटवर, दुसरी १० वॉटवर, तिसरी १ वॉटवर, चौथी एक दशांश वॉटवर. प्रत्येक पायरी १० डेसिबलची. मोर्स येत नसेल तरी चालते. तक्त्यात कुठल्या सेकंदाला कोण आहे ते पाहायचे आणि डॅश मोजायच्या.

एकच डॅश आणि तीही नॉईजच्या काठावर : सीडब्ल्यू किंवा एफटी-८ (संगणकाने उलगडायचे अंकीय प्रसारण) जमेल, एसएसबीवर घसा फोडू नका. दोन स्पष्ट : १०० वॉट आणि साध्या डायपोलवर (मधून जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनावर) एसएसबी जेमतेम. तीन : निवांत गप्पा. चौथी ऐकू आली तर कमी पॉवरवाल्यांनी तो दिवस सोडू नये.

पद्धत अशी. संगणकाचे किंवा फोनचे घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या, एका सेकंदाहून जास्त चूक नको, नाहीतर शेजारच्या बीकनचे श्रेय भलत्याच देशाला जाते. रिसीव्हर सीडब्ल्यूवर, फिल्टर ५०० हर्ट्झ किंवा त्याहून अरुंद. एजीसी, म्हणजे सिग्नलप्रमाणे गेन आपोआप बदलणारी सोय, बंद करता येत असेल तर करा आणि आरएफ गेन हाताने ठेवा. एजीसी वेगाने चालू असला तर मोठ्या डॅशनंतर तो गेन वर ओढतो आणि लहान डॅशमधला फरक पुसट होतो. मग १४.१०० वर पूर्ण तीन मिनिटे, नंतर २१.१५०, नंतर २८.२००. नऊ मिनिटांत दिशा आणि बँड यांचा तक्ता हातात.

दोन ठिकाणी लोक चुकतात. एखादे बीकन ऐकू आले नाही म्हणजे तो मार्ग बंद, असे धरू नका. बीकन दुरुस्तीसाठी बंद असू शकते. चालू स्टेशनांची यादी बघून घ्या. आणि १४.१०० च्या आजूबाजूला कधीही ट्रान्समिट करू नका. १४.०९९ ते १४.१०१ हा पट्टा बीकनसाठी राखलेला आहे आणि ‘फ्रीक्वेन्सी मोकळी दिसली’ ही सबब तिथे चालत नाही.

उलट बाजूने, म्हणजे तुमचा सिग्नल कुठे पोचतो हे पाहायला डब्ल्यूएसपीआर वापरा. दोन मिनिटांचे एक प्रसारण, एक वॉटही पुष्कळ, आणि कुठल्या रिसीव्हरने किती सिग्नल-टू-नॉईजवर पकडले ते नकाशावर दिसते. मात्र एक ध्यानात ठेवा : डब्ल्यूएसपीआर आणि एफटी-८ नॉईजखालचे सिग्नलही उलगडतात. नकाशावर रेघ दिसली म्हणून एसएसबीवर उत्तर येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : ७ मेगाहर्ट्झवर संध्याकाळनंतर २०० किलोमीटरवरची मंडळी गायब होतात आणि १००० किलोमीटरवरची जोरात येतात. अँटेना फार खाली असल्याने असे होते का?

उत्तर : अँटेना खाली असणे उलट तुमच्या फायद्याचे आहे. कारण वर आहे. २०० किलोमीटरवर पोचायला सिग्नल साधारण ७० अंशांच्या कोनात, जवळजवळ सरळ वर जावा लागतो. असा सिग्नल परत येण्यासाठी वारंवारता एफ-२ थराच्या क्रांतिक वारंवारतेच्या आसपासच असावी लागते. तिला एफओएफ-२ म्हणतात. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती निदान ६.७ ते ६.८ हवी. १००० किलोमीटरसाठी सिग्नल तिरपा, ३० अंशांच्या आसपास जातो, आणि तिरप्या वाटेला क्रांतिक वारंवारतेच्या पावणेदोन पटींपर्यंत मुभा मिळते. म्हणजे एफओएफ-२ पाचवर आली तरी लांबचे चालू, जवळचे बंद. मध्ये जो मुका पट्टा पडतो तो स्किप झोन.

सौरचक्राचा, म्हणजे सूर्याची सक्रियता वर्षानुवर्षे वरखाली होते त्याचा, परिणाम इथे अगदी रोखठोक दिसतो. कमाल काळात हा पट्टा रात्री उशिरा पडतो किंवा पडतही नाही. किमान काळात सूर्यास्तानंतर लगेच. जवळच्या आयनोसोंडची, म्हणजे आयनांबर मोजणाऱ्या यंत्राची, नोंद पाहा. एफओएफ-२ सातच्या खाली उतरू लागली की सगळ्यांनी ठरवून ३.५ मेगाहर्ट्झवर जायचे, एकमेकांना ७ वर हाका मारत बसायचे नाही. दिवसा मात्र ३.५ वर डी-थर आडवा येतो, तेव्हा ७ च बरा.

अँटेनासाठी : ७.१ मेगाहर्ट्झचा अर्धतरंग डायपोल १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण २०.१ मीटर, प्रत्येक बाजू १० मीटर. तार कापताना प्रत्येक बाजूला २५-३० सेंटिमीटर जादा ठेवा. जवळच्या संपर्कासाठी उंची ५ ते १० मीटर. ४ मीटरच्या खाली जमिनीत तोटा वाढतो. ज्या उंचीवर कायम राहणार तिथेच टांगून मग छाटा, उंची बदलली की अनुनाद सरकतो.

प्रश्न : संपर्काचा अंदाज सांगणाऱ्या व्होअकॅप या संगणक-कार्यक्रमाने अमुक वेळेला ९० टक्के शक्यता दाखवली होती. संपर्क झाला नाही. कार्यक्रम चुकीचा की मी?

उत्तर : बहुतेक वेळा त्याला दिलेली माहिती. व्होअकॅप आख्ख्या महिन्याचे चित्र देतो. त्यातला एमयूएफ हा मध्यक आहे : महिन्यातले निम्मे दिवस त्याहून वर, निम्मे खाली. ९० टक्के म्हणजे ३० दिवसांपैकी साधारण २७ दिवस. तुमचा दिवस उरलेल्या तिघांतला असू शकतो, आणि वादळाचे त्याला काही कळत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सौरडागांच्या जागी आजचा आकडा भरणे. तिथे १३ महिन्यांवर काढलेली सरासरी लागते, आणि चालू महिन्यासाठी तिचा अंदाज. आजचा २०० भरला आणि सरासरी १२० असली तर वरचे बँड कागदावर फुलतात. दुसरी चूक नॉईजची. वस्तीत राहून शांत माळरानाचा पर्याय निवडला तर खालच्या बँडचे अंदाज हवेत जातात. तिसरी, उत्तर एसएसबीने हवे असताना हिशेब सीडब्ल्यूचा किंवा एफटी-८ चा लावणे.

प्रश्न : एसएफआय जेमतेम ७५ असताना मे-जूनमध्ये २८ आणि ५० मेगाहर्ट्झ अचानक जोरात कसे उघडतात?

उत्तर : तो स्पोरॅडिक-ई. साधारण १०० किलोमीटर उंचीवर वाऱ्यांचे थर एकमेकांवरून घासत जाताना उल्कांतून आलेल्या धातूंचे आयन पातळ पापुद्र्यात गोळा होतात. एसएफआयशी त्याचा थेट संबंध नाही. एका उडीत २००० किलोमीटरपर्यंत, सिग्नल प्रचंड, आणि पाच मिनिटांत गायबही. तेव्हा लांबलचक ओळख नको, कॉल साइन आणि रिपोर्ट आधी.

प्रश्न : मोठ्या वादळात रेडिओ जळू शकतो का? अँटेना काढून ठेवावी?

उत्तर : नाही. भूचुंबकीय वादळाचा विजेचा धोका शेकडो किलोमीटर लांबीच्या वाहिन्यांना असतो. मार्च १९८९ मध्ये क्वेबेकची वीज गेली ती तशीच. २० मीटरच्या डायपोलमध्ये त्याने काहीही साठत नाही. ढगांचा गडगडाट असेल तर मात्र अँटेना जरूर काढा.

प्रश्न : सौरचक्र २५ ची कमाल होऊन गेली म्हणतात. आता नवी अँटेना कुठल्या बँडची बांधावी?

उत्तर : चक्र २५ डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि सौरडागांच्या १३ महिन्यांच्या सरासरीने त्याची कमाल ऑक्टोबर २०२४ मध्ये, १६१ च्या आसपास, नोंदली गेली. चक्राची चढण साधारण चार वर्षांची आणि उतरण त्याहून लांब असते. उतरणीत किरीटविवरांची वादळे जास्त जाणवतात, तेव्हा २७ दिवसांची दिनदर्शिका आत्तापासून ठेवा.

हाती एकच अँटेना बांधण्याइतकी सवड असेल तर १० मीटर बँडची आधी बांधा. २८.४ मेगाहर्ट्झचा डायपोल फक्त ५ मीटर लांबीचा आणि तो उतरणीच्या पहिल्या काही वर्षांतच दिवसा भरपूर कामाला येईल, विशेषतः थंडीत, कारण हिवाळ्यातल्या दुपारी एफ-२ थराची घनता उन्हाळ्यापेक्षा जास्त असते. १४ मेगाहर्ट्झ पूर्ण चक्रभर दिवसा साथ देतो, त्याची घाई नाही. आणि किमान काळाची वाट पाहणारेही पुष्कळ आहेत : डी-थराचे शोषण घटते, वादळे कमी होतात आणि १.८ व ३.५ मेगाहर्ट्झवर पहाटे, दोन्ही टोकांपैकी एक अंधारात आणि दुसरे उजाडताना, हजारो किलोमीटरचे सिग्नल मिळतात. त्या बँडच्या लांब तारांना जागा आणि खांब लागतात. ते काम आधीच करून ठेवलेले बरे.